उजवा कान मोकळा

गेमबॉयमध्ये चार आवाज असतात. दोन चौकोनी लहरींचे, तिसरा आपण आकार देऊ त्या लहरीचा आणि चौथा निव्वळ खरखरीचा. हा चौथा माझा सगळ्यात लाडका. झांज त्याच्यातूनच निघते, ताशाची कडकड त्याच्यातूनच, आणि जीव लावून बसलं तर तुळजापूरच्या गोंधळातल्या संबळाच्या जवळपासही जाता येतं. पण ही झाली मी मागितलेली खरखर. यंत्र न मागता जी देतं ती वेगळी, आणि गंमत नाही, कानाला दोन्ही एकाच घरच्या वाटतात.

1989 साली हे यंत्र आलं ते पोरांना खेळायला. पुढे स्वीडनच्या योहान कोटलिन्स्की यांनी लिटल साउंड डीजे हा प्रोग्राम लिहिला आणि खेळण्याचं वाद्य झालं. तेरमध्ये माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे नको असलेला आवाज कुठून शिरतो हे शोधणं माझ्या हातचं काम. अॅडॉप्टर काढून चार पेन्सिल सेल घातले, तशी 50 हर्ट्‌झची भणभण गेली. पडद्यामागे बसवलेली बत्ती काढल्यावर बारीक शीळ बरीच उतरली. उरली ती आतल्या हेडफोन अॅम्प्लिफायरची खोड: पडद्याची आणि प्रोसेसरची कुजबुज तो सुरांबरोबर मोठी करून देतो. म्हणून व्हॉल्यूम कंट्रोलच्या पायांवरून, अॅम्प्लिफायरच्या आधीच, दोन तारा उचलल्या, ग्राउंडची तार जोडली, बाजूला नवा जॅक बसवला आणि तिथून वायर थेट मिक्सरला नेली.

त्या रात्री दोन सुरांमधली जागा पहिल्यांदा रिकामी ऐकू आली. मी दार लावून घेतलं, दोन्ही कान हेडफोनखाली झाकले आणि त्या रिकामपणात किती वेळ बसलो ते मला सांगता येणार नाही. माय तेव्हा न्हाणीत घसरून पडली होती. ती हाका मारत होती. धावून आल्या त्या भिंतीपलीकडच्या काकू. मायचं मनगट मोडलं होतं.

तेरच्या माणसाला यापुढे कुठली गोष्ट आठवणार, ते सांगायची गरज नाही. संत गोरोबाकाकांचं, म्हणजे गोरा कुंभारांचं, मंदिर तेरणेच्या काठी, आमच्या घरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर आहे. काकांची बायको संती पाण्याला गेली, लेकराकडे लक्ष ठेवा म्हणाली. काका नाम घेत चिखल तुडवत होते आणि रांगत आलेलं लेकरू त्या चिखलात तुडवलं गेलं. कीर्तनात या प्रसंगी काकांच्या तल्लीनतेचं वर्णन होतं आणि लोकांचे डोळे भरतात. माझेही भरत. आता माझं मन हंडा घेऊन परत येणाऱ्या संतीपाशी थांबतं.

कारण हेच काका कानाचे किती पक्के होते! संतमेळ्यात मुक्ताबाईने विचारलं, हे थापटणं कशासाठी? मडकं भाजलं की कच्चं राहिलं हे त्यावर थाप मारून कळतं. मग काकांनी संतांच्या डोक्यांवर थापटणं मारून पाहिलं आणि नामदेवांना कच्चं ठरवलं. आवाजावरून आतलं ओळखणारा हा माणूस. त्याला स्वतःच्या लेकराचं रडणं कसं ऐकू आलं नाही? मला वाटतं, कान बंद नव्हता. ज्या कानाने नाम धरलं, त्यानेच बाकी सगळं मागे ढकललं, आणि त्या बाकीत लेकरू होतं. मी अॅम्प्लिफायर टाळला तेव्हा माझ्याही हातून तेच झालं. यंत्राची कुजबुज आणि मायची हाक मी एकाच दाराबाहेर ठेवली.

म्हणजे शांतता शोधणं पाप आहे का? तसं मला म्हणवत नाही. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे भूकंप झाला, गणपती विसर्जनाची रात्र नुकती सरली होती. माझे वडील सास्तूरला मदतीला गेले होते. ते सांगत, दगडमातीचा ढीग उपसताना मधेच कुणीतरी हात वर करायचं, की सगळे थांबायचे. फावडी थांबायची, बोलणं, रडणंसुद्धा थांबायचं. खालून कुणी कण्हतंय का, हे ऐकायला. तिथेही गोंगाट कमीच केला जात होता, पण तो दुसऱ्यासाठी. मी कमी केला तो माझ्या सुरासाठी. नामस्मरण यातलं कुठलं, हा प्रश्न मला फार दिवसांपासून सोडत नाही. नाम माणसाला आतल्या एकाच आवाजाकडे नेतं असं म्हणतात. पण तो विठ्ठल जर लेकरातही असेल, तर त्या चिखलात हाक कोण मारत होतं?

गोष्टीचा शेवट मी पूर्वी नीट ऐकलाच नव्हता. लेकरू परत मिळतं ते एकांतात नाही, पंढरपूरला नामदेवांच्या कीर्तनात. टाळ-मृदंगाचा गजर चाललेला, माणसांची दाटी, आणि त्यातून संती विठ्ठलाला हाक मारते. लेकरू रांगत येतं. म्हणजे ज्यांना काकांनी कच्चं म्हटलं होतं त्यांच्याच कीर्तनात, एवढ्या कल्लोळात, एका आईचा आवाज पोचला. माझ्यापुरतं मी उत्तर इथून घेतलं आहे. ते पुरं आहे असा माझा दावा नाही.

जॅक तसाच ठेवला आहे, सेलही. अॅम्प्लिफायरची कुजबुज मी परत आणणार नाही; ती कुणाची हाक नाही. फक्त आता हेडफोन डाव्या कानावर असतो, उजवा मोकळा, आणि दार उघडं. त्यामुळे काम हळू होतं. परवा चौथ्या आवाजावर संबळाची थाप बसवत होतो, अगदी जमत आली होती.

“ऐकू येतंय का रे?” आतून आवाज आला. तिला डाव्या हाताने डब्याचं झाकण उघडत नव्हतं.

“आलो, माय.”