पडलेली लाकडं

रविवारी सकाळी तर्री-पोह्यावर आमची बैठक भरली. विषय एकच : हिवाळ्यात नवेगावबांधला, तळ्याकाठी, दोन रात्री. व्याघ्र प्रकल्पात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही, म्हणून परवानगी मिळेल तेवढ्याच काठावर, हे आधीच ठरलं. मग यादी सुरू झाली. तंबू, सतरंज्या, विजेऱ्या, सावजी मसाला, मोठा स्पीकर.

‘‘आन् लाकडं?’’

‘‘तिथं पडलेलीच असतात ना बे.’’

मी पोह्यात चमचा फिरवत राहिलो. काही वर्षांपूर्वी रामटेकजवळ खिंडसीच्या काठी आम्हालाही अशीच ‘पडलेली’ लाकडं मिळाली होती. झाडाखाली, एका मापाची, दोरीनं आवळून बांधलेली. गाठ इतकी घट्ट की मला चाकू काढावा लागला. तरी ती कुणी मारली असेल, हे डोक्यात आलं नाही. शेकोटी झकास झाली. उजाडताना एक बाई आली. तिनं झाडाखाली पाहिलं, मग राखेकडे. आम्ही घाईघाईनं शंभराची नोट पुढे केली. तिनं ती घेतली आणि म्हणाली, ‘‘आता पुन्हा जा लागते.’’ आणि गेली.

ती भांडली असती तर मी हा प्रसंग विसरलोही असतो.

शहरातून निघालं की आपल्याला सगळंच मोकळं दिसतं, म्हणजे बिनमालकीचं. नवेगावचं तळं तरी कुठे आपोआप झालं? कोलू पाटील कोहळी यांनी ते बांधलं असं सांगतात, आणि कोलासूर म्हणून त्यांची पूजा होते. पूर्व विदर्भात कोहळी समाजानं अशी कितीतरी तळी बांधली, धानासाठी, उसासाठी. त्या पाण्यावर ढिवरांची जाळी पडली. 1975 साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि 2013 साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प, पण हे सगळं फार नंतरचं. मारुती चितमपल्ली इथे वनाधिकारी होते. हाती सरकारी अधिकार असूनही हे जंगल त्यांनी गावच्या माधवराव पाटील डोंगरवारांकडून समजून घेतलं. आम्ही मात्र फक्त अंतर आणि पेट्रोल विचारतो.

रात्रही अशीच आपण फुकटात धरतो. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब पक्षी बहुधा रात्रीच चरायला उतरतात. आमचा स्पीकरही रात्रीच सुरू व्हायचा होता.

मी खिंडसीची गोष्ट सांगितली, आणि यादीत एक ओळ वाढली : लाकडं, नागपूरच्या टालावरून. ‘‘जंगलात लाकडं घेऊन चाललो! लोकं हसतील राजा,’’ एक जण म्हणाला, पण त्यानंच गाडीच्या टपावर जागा किती ते मोजलं.

स्पीकरवर एकमत झालं नाही. तो विषय पुढच्या रविवारी, पोह्यावर.