काट्याचं शून्य

यवतमाळहून दारव्ह्याच्या रस्त्याला लागलं की लोहारा येतं. एमआयडीसीतल्या कारखान्यांचे ट्रक, बाजार समितीत माल उतरवून परतणारे टेम्पो, शहरात कामाला जाणाऱ्यांच्या मोटारसायकली यांची तिथे दिवसभर ये-जा असते. आणि जिथे चाकं आली तिथे पंक्चर आलंच. त्या रस्त्याच्या कडेला एका मामांचं टायरचं दुकान होतं. एक कंप्रेसर, पाण्याने भरलेलं घमेलं, जॅक, पाने आणि वर कडुनिंबाची सावली, एवढाच संसार. गिऱ्हाइकं त्यांना मामा म्हणत, म्हणून सगळेच मामा म्हणू लागले.

मामांच्या हाताखाली दोन पोरं होती. एक त्यांचा सख्खा भाचा, अकरावी सायन्सची परीक्षा देऊन सुट्टीत आलेला. दुसरा पांढरकवड्याकडच्या एका खेड्यातला, चौथीतच शाळा सुटलेला. भाचा आठ दिवसांत हवेचा काटा वाचायला, रिमवरून टायर उतरवायला आणि ट्यूबला ठिगळ लावायला शिकला. दुसऱ्याला तेवढ्यासाठी दोन महिने लागले. भाचा त्याच्यादेखत गिऱ्हाइकांना सांगायचा, “याच्या हातात काम नका देऊ, संध्याकाळ होईल.” तो पोरगा ऐकून घ्यायचा आणि घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत बसायचा.

मे महिन्यातली एक सकाळ. लग्नसराई जोरात होती आणि दुपारी पारा ४४-४५ अंशांवर जायचा. मामा ट्यूब आणायला यवतमाळला गेले होते. इतक्यात वऱ्हाडाची एक गाडी दुकानासमोर थांबली. आत माणसं खचाखच, टपावर आहेराचं सामान.

“भाऊ, दारव्ह्याले लग्न हाय. उन्हाचं जायचं. हवा बरोबर पाहून दे,” ड्रायव्हर म्हणाला.

भाच्याने चारही चाकांना काटा लावला. ३२ पौंड. अगदी बरोबर. पण त्याला पुस्तकातला धडा आठवला. जागा तेवढीच ठेवून वायू तापवला, तर त्याचा दाब तापमानाच्या पटीत वाढतो. त्याने खिशातून कागद काढला आणि हिशोब मांडला. आता सकाळी २७ अंश. दुपारी डांबरावर धावताना टायरमधली हवा ५७ अंशांवर जाईल असं धरू. म्हणजे दुपटीहून जास्त. मग ३२चे होणार ६७! टायर फुटणार, वऱ्हाड रस्त्यात पडणार. उपाय सोपा होता. हवा निम्मी करायची, म्हणजे उन्हात ती आपोआप ३२-३४ होईल. त्याने व्हॉल्व्ह दाबून चारही चाकं १६वर आणली.

दुसरा पोरगा चाकाकडे पाहत होता. हळूच म्हणाला, “दादा, टायर बसल्यावानी दिसते.”

“दोन महिने तुला काटा वाचता येत नव्हता. तू मला शिकवू नको,” भाचा म्हणाला.

गाडी गेली. पण दारव्ह्याला पोचली नाही. थोडं अंतर जाताच ती वळणावर झोले खाऊ लागली. ड्रायव्हरने खाली उतरून टायरला हात लावला आणि तिथूनच गाडी फिरवली. ती हळूहळू दुकानाशी परत आली, तोवर मामाही आले होते. त्यांनी टायरच्या बाजूवर तळहात ठेवला आणि चटकन काढून घेतला.

“काहून रे, हवा कोणं सोडली?”

भाच्याने पुढे होऊन कागद दाखवला. मामांनी तो शांतपणे पाहिला. आकडे त्यांना कळत होते. भागाकारही बरोबर होता. त्यांनी वऱ्हाडींना निंबाखाली बसवलं, पाणी दिलं आणि टायर निवेपर्यंत थांबायला सांगितलं. मग भाच्याला चाकाजवळ बसवून म्हणाले, “हवा कमी असली की टायरची बाजू दर फेऱ्याले दबते अन् सुटते. दबता-दबता तापते. त्याच्यात ओझं, त्याच्यात ऊन. उन्हाळ्यात टायर फुटला की लोक म्हणतात हवा जास्त झाली. बऱ्याच वेळा ती कमी असते.”

भाचा गोंधळला. “पण मामा, नियम खोटा कसा असेल?”

“नियमाचं मले नाही समजत. जा, सायकलचा पंप आण.”

भाच्याने पंप आणला. मामांनी त्याला दांडा पूर्ण वर ओढायला लावला.

“आता आत किती दाब हाय?”

“काटा लावला तर शून्य दाखवेल.”

“नळीच्या तोंडावर बोट दाबून धर. दांडा हळूहळू अर्ध्यापर्यंत खाली आण. तुहं पुस्तक काय म्हणते?”

हे भाच्याला पाठ होतं. रॉबर्ट बॉइलने १६६२ साली सांगितलेला नियम. तापमान तेच असताना वायूची जागा निम्मी केली की दाब दुप्पट होतो.

“दुप्पट,” तो म्हणाला.

“शून्याची दुप्पट किती?”

“शून्यच.”

“मग तुह्या बोटाले कोण ढकलून रायलं?”

भाच्याचं बोट नळीवरून निसटू पाहत होतं. आतली हवा जोर करत होती, आणि काट्याच्या हिशोबाने तिचा जोर शून्य असायला हवा होता. तो बराच वेळ पंप हातात धरून बसला. मग त्याला उमगलं. काट्यावर शून्य दिसतं तेव्हा आत काहीच नसतं असं नाही. आत आणि बाहेर दाब सारखा असतो, एवढंच. बाहेर तर सगळं वातावरण आहे. समुद्रकाठी ते दर चौरस इंचाला सुमारे १४.७ पौंड भार टाकतं. यवतमाळ परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच, म्हणून इथे तो भार थोडा कमी, १४ पौंडांच्या आसपास. पार बसलेल्या टायरमध्येही तेवढा दाब असतोच. काटा त्याच्या वरचं तेवढं मोजतो. म्हणजे ३२ पौंडांच्या टायरमध्ये खरा दाब होता ४६.

“एक शून्य खोटं निघालं,” भाचा म्हणाला. मग थांबून म्हणाला, “मग दुसरंही खोटं असेल.”

दुसरं म्हणजे तापमापीवरचं. थंडीत काश्मीरमध्ये पारा शून्याच्याही खाली जातो. दाब जर त्या आकड्याच्या पटीत असता, तर शून्य अंशाला तिथल्या प्रत्येक गाडीची चाकं रिकामी झाली असती. तशी ती होत नाहीत. कारण ते शून्य पाणी गोठतं त्या ठिकाणी माणसाने सोयीसाठी ठेवलेलं आहे. १७४२ साली स्वीडनच्या अँडर्स सेल्सिअसने आपली मोजपट्टी आखली, तेव्हा त्याने पाणी उकळतं तिथे शून्य ठेवलं होतं आणि गोठतं तिथे शंभर. पुढे लोकांनी ती उलटी केली. ज्या शून्याची जागा अशी हलवता येते, तिथून पट मोजून चालत नाही.

हवेचं स्वतःचं शून्य फार खाली आहे. फ्रान्समध्ये जाक शार्लने १७८७च्या सुमारास वायू तापवून त्यांचं प्रसरण पाहिलं आणि १८०२ साली गे-ल्युसॅकने त्याचा नियम नीट मांडला. दाब तोच ठेवला, तर शून्य अंशाला वायूचं जे आकारमान असतं, त्याच्या साधारण २७३व्या हिश्शाएवढं ते दर अंशाला वाढतं किंवा घटतं. हाच हिशोब उलटा खाली नेला तर उणे २७३ अंशांशी येऊन थांबतो. त्याच्याखाली गार होणं नाही. १८४८ साली विल्यम टॉमसनने, पुढे ज्याला लॉर्ड केल्व्हिन म्हणू लागले त्याने, मोजणी त्या तळापासून सुरू करावी असं सुचवलं. भाच्याने हे सगळं परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याचे गुणही मिळवले होते. चाकाशी बसल्यावर मात्र त्याला ते आठवलं नव्हतं.

त्याने कागद उलटा केला आणि नव्याने हिशोब मांडला. सकाळचे २७ अंश म्हणजे खरे ३००. दुपारचे ५७ म्हणजे ३३०. वाढ दुपटीची नाही, दहाव्या हिश्शाची. खरा दाब ४६वरून साडेपन्नासच्या थोडा वर जाणार. त्यातून बाहेरचे १४ वजा केले की काट्यावर दिसणार साडेछत्तीस.

“साडेचार पौंड चढतील, मामा.”

मामा हसले. “चार-पाच चढतात, हे मले रोज दिसते. टायर बनवणाऱ्यालेही माहीत असते. म्हणून तर ३२ हा आकडा गार टायरचा असते. तापल्या टायरची हवा सोडू नये. पण ते काहून चढतात, ते आज तुह्यामुळं समजलं.”

एव्हाना टायर निवले होते. मामांनी ते चारही बाजूंनी दाबून पाहिले, रबर कुठे फाटलं-फुगलं नाही याची खात्री केली आणि कंप्रेसर लावला. काटा ३२वर आला तरी नळी काढली नाही, ३४ला काढली. भाचा विचारणार होता, पण त्याने आधी गणित केलं. आता सावलीतच ३८ अंश झाले होते, म्हणजे खरे ३११. सकाळचे ४६ आता पावणेअठ्ठेचाळीस होतात. त्यातून १४ गेले की ३४च्या जवळपास. मामांचा हात आणि पुस्तकातला नियम एकाच आकड्यावर येऊन थांबले होते. वऱ्हाड गाडीत बसलं आणि दारव्ह्याकडे निघालं.

गाडी दिसेनाशी झाल्यावर मामा म्हणाले, “आता अजून एक हिशोब सांग. तू जे काम आठ दिवसांत शिकला, ते याले दोन महिने लागले. तू याच्याहून किती पट हुशार?”

कालचा भाचा म्हणाला असता, सात-आठ पट. आज तो गप्प राहिला.

“तू आला तेव्हा अकरा वर्षं शाळेत काढून आला. आकडा म्हणजे काय, हे तुले शिकवा लागलं नाही. यानं कंप्रेसर इथंच पहिल्यांदा पाहिला. तू दोघांचं शून्य एकाच जागी ठेवलं अन् पट काढत बसला.”

भाचा त्या पोराकडे वळला. “टायर बसलं हे तुला न मोजता कसं दिसलं?”

पोरगा लाजला. मग म्हणाला, “आमच्या बंडीले टायरची चाकं हायेत. कापूस भरला की चाक किती बसते, ते लहानपणापासून पायतो. जास्त बसलं की बाबा बैल थांबवत.”

कापसाने भरलेल्या बंडीमागून चालत त्याने जे शिकून घेतलं होतं, ते कुठल्याच काट्यावर येत नव्हतं. भाच्याने त्याला शून्यावर धरलं होतं, तेव्हाही ते त्याच्यात होतंच. आणि सकाळी ऐकलं असतं तर वऱ्हाडाचा खोळंबा टळला असता. त्या सुट्टीत भाच्याने त्याला अपूर्णांक आणि भागाकार शिकवला. पोराने भाच्याला ओझ्याखालचं चाक नुसत्या नजरेने पारखायला शिकवलं. दोन्ही शिकवण्यांना सारखाच वेळ लागला.

तात्पर्य : मापाच्या पट्टीवरचं शून्य पुष्कळदा माणसाने आपल्या सोयीसाठी ठेवलेलं असतं. म्हणून वायू असो की माणूस, ‘किती पट’ हे ठरवण्याआधी मोजणी कुठून सुरू झाली ते विचारावं.