पत्र न वाचतां पाठविणाऱ्यास पारखावें काय?

गेल्या पावसाळ्यांत आम्ही वाशीहून खेडोपाडींच्या उपदेशकांस सभेची तारीख ई-मेलनें कळविली. सभेच्या दिवशीं निम्मी जागा रिकामी! चौकशी करितां कळलें कीं, पुष्कळांच्या फोनांत आमचें पत्र 'स्पॅम' नांवाच्या कप्प्यांत, सोडतीच्या खोट्या बक्षिसांच्या पत्रांशेजारीं पडून होतें. मजकुरांत दोष नव्हता. महापे येथील ज्या भाड्याच्या सर्व्हरावरून आमचीं पत्रें जात, त्याच पत्त्यावरून इतर पुष्कळांचींही जात. त्यांपैकीं कोणा एकानें लबाडीचीं पत्रें धाडलीं आणि आम्ही सर्वच बदनाम झालों.

टपालास तिकीट लागतें. ई-मेल लाख जणांस धाडण्यास जवळजवळ कांहींच खर्च येत नाहीं. १९७८ सालीं गॅरी थुर्क यांनीं अमेरिकेंत संगणकांची जाहिरात सुमारें ४०० जणांस एकदम पाठविली. पुढें या उपद्रवास सीमा राहिली नाहीं. म्हणून पत्र घेणारा सर्व्हर मजकुरापूर्वीं पाठविणाऱ्याचा पत्ता पाहतो: याजविषयीं पूर्वीं किती जणांनीं तक्रार केली? किती पत्रें नसलेल्या नांवांवर गेलीं? सही खरी आहे काय? लंडन येथें १९९८ सालीं स्टीव्ह लिनफर्ड यांनीं स्थापिलेली स्पॅमहाउस ही संस्था बदनाम पत्त्यांच्या याद्या ठेविते. जीमेलवर दिवसास ५००० वा अधिक पत्रें धाडणाऱ्यानें आपली ओळख पटवावी व तक्रारी हजारीं तिनाच्या खालीं ठेवाव्या, असा गूगलचा नियम फेब्रुवारी २०२४ पासून आहे.

यांत मुळांतच अन्याय आहे असें आम्हांस वाटत नाहीं. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारांत प्रत्येक गोण ओतून कोण पाहतो? माल कोणाचा हें विचारतात. ती पत वर्तनाची असते; गमावली तरी पुन्हां मिळवितां येते.

परंतु शेजाऱ्याच्या दोषास्तव दुसऱ्यास धरणें ही निराळी गोष्ट. या याद्या कधीं कधीं एका पत्त्यावर न थांबतां लगतचे सगळे पत्ते नोंदवितात. हेतु हा कीं, भाड्यानें देणाऱ्या धन्यास जाग यावी. धनी जागा होतो खरा, पण मार कोणास बसतो? आमच्या देशांत हाच न्याय माणसांस लाविला गेला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें कित्येक जमातींचीं मुलें जन्मतांच संशयित ठरलीं. कायदा १९५२ सालीं रद्द झाला. तरी गांवांत चोरी झाली कीं पारध्यांच्या पालांकडे बोट दाखविणारे अद्याप आहेत, आणि तें बोट कधीं कधीं आमच्या मंडळींतील माणसाचेंही असतें. सर्व्हराचा पत्ता बदलतां येतो, जन्म बदलतां येत नाहीं. दोन्हींस एकच माप लावणें बरें नव्हे. तथापि मनाची खोड तीच.

आम्ही अर्ज केला आणि तीन दिवसांत पत्ता यादींतून निघाला. मग, रागाच्या भरांतच म्हणा ना, आम्ही आमचा स्वतःचा स्पॅमचा कप्पा उघडला. जीमेल तो तीस दिवसांनीं आपोआप रिकामा करितें. तेथें रायगड जिल्ह्यांतील एका विधवा भगिनीचें पत्र होतें, सव्वीस दिवसांपूर्वींचें. मुलाच्या वसतिगृहाच्या प्रवेशास तिला आमची शिफारस हवी होती. मुदत आठवड्यापूर्वीं संपली होती. आम्ही त्याच सायंकाळीं तिला फोन केला. ती म्हणाली, "पाद्रीसाहेब, आम्हांला वाटलं, आपण वाचलं असेल."