न प्यायलेलं पाणी

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा लेकीने हट्टाने नवी बाटली घेतली. बाटलीवर रेघा मारलेल्या आणि प्रत्येक रेघेपाशी वेळ छापलेली. नऊला इथपर्यंत, अकराला इथपर्यंत, पाचला तळ. पण सकाळी भरून दिलेली बाटली संध्याकाळी तशीच परत यायची, नऊच्या रेघेच्याही वरच पाणी. मी रागावले, समजावलं, दिवसाला आठ ग्लास पाणी प्यायलाच हवं असं चारदा बजावलं. हे आठ आले कुठून, ते मात्र मलाच सांगता आलं नसतं. म्हणून शोधत गेले.

आपल्या जुन्या वैद्यकात असा आकडा मला आढळला नाही. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त पाण्याबद्दल बरंच सांगितलंय, पण त्याचा रोख निराळा आहे. शरद आणि ग्रीष्म सोडले तर निरोगी माणसानेही पाणी बेतानेच प्यावं, असं तो म्हणतो. जेवणाआधी पाणी पिणारा कृश होतो, जेवणानंतर पिणारा स्थूल होतो आणि जेवताना मधेमधे पिणारा सम राहतो. यातलं सगळं आजच्या कसोटीला उतरेलच असं नाही. पण ऋतू बघा, जेवण बघा, माणूस बघा आणि मग पाण्याचं बोला, ही त्याची रीत मला पटते. माझी आजी उन्हातून आलेल्याच्या हातावर आधी गुळाचा खडा ठेवायची आणि मग तांब्या-भांडं पुढे करायची. समोरच्याचं पिऊन होईपर्यंत तांब्या तिच्या हातात असायचा. भांडी मोजायचं कुणाच्या मनातही यायचं नाही.

मोजणीची सुरुवात अमेरिकेत झाली असावी. तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अन्न व पोषण मंडळाने १९४५ मध्ये आहाराची प्रमाणं छापली. त्यात म्हटलं होतं की प्रौढ माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी पुरेसं आहे, म्हणजे दर कॅलरीमागे एक मिलिलिटर. त्याला जोडूनच आणखी एक वाक्य होतं. यातलं बहुतेक पाणी तयार अन्नातच असतं. अडीच लिटर लोकांच्या लक्षात राहिले आणि हे दुसरं वाक्य मागे पडलं. खरं तर आपलं ताट बघितलं तरी ते पटतं. शिजलेल्या भातात निम्म्याहून जास्त पाणी असतं, काकडी-टोमॅटो जवळजवळ पाणीच, वरण आणि ताक तर बोलायलाच नको. चहासुद्धा या हिशेबात धरायचा असतो.

आठ ग्लासांच्या आकड्याची नीट झडती घेतली ती हाइन्त्स व्हाल्टिन यांनी, २००२ मध्ये. अमेरिकेतल्या डार्टमथचे हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ. त्याआधी त्यांनी वर्षानुवर्षं ज्या उंदरांचा अभ्यास केला, त्यांच्या शरीरात जन्मतःच एक संप्रेरक बनत नसे. व्हासोप्रेसिन हे ते संप्रेरक. ते नसल्यामुळे हे उंदीर रोज आपल्या वजनाच्या निम्म्याहून जास्त पाणी प्यायचे आणि तितकीच लघवी करायचे. आपल्यात मात्र हे संप्रेरक चोख काम करतं. रक्तातल्या क्षारांचं प्रमाण शेकडा एक-दोनने वाढलं की मेंदूला ते कळतं, मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवायचा निरोप जातो आणि थोड्याच वेळात तहान लागते. अशी यंत्रणा आयुष्यभर अभ्यासलेल्या माणसाने आठ ग्लासांना आधार शोधला. समशीतोष्ण हवेत राहणाऱ्या, फारसं कष्टाचं काम नसणाऱ्या निरोगी माणसांसाठी असा आधार त्यांना सापडला नाही.

२०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात वीसहून अधिक देशांतल्या ५,६०४ जणांचा अभ्यास आला. सगळ्यात लहान मूल आठ दिवसांचं, सगळ्यात वयस्क माणूस ९६ वर्षांचा. शरीरात रोज किती पाणी येतं-जातं ते त्यात मोजलं होतं. माणसामाणसांत इतका फरक निघाला की सगळ्यांना एकच आकडा लावणं चुकीचं ठरावं. हवामान, कष्ट, वय, गरोदरपण, सगळ्याने गरज बदलते.

म्हणून पाण्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल, असा याचा अर्थ कुणी काढू नये. वय वाढलं की तहानेची जाणीव बोथट होते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पाणी विचारावंच लागतं. मुतखडा होऊन गेलेल्यांना भरपूर पाण्याचा फायदा होतो, हे इटलीत पाच वर्षांच्या पाहणीत दिसलं. ज्यांनी पाणी वाढवलं त्यांच्यात शंभरातल्या बाराजणांना खडा परत झाला, इतरांमध्ये सत्तावीसजणांना. आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी दोनदा वाचला. वारंवार मूत्रमार्गाचा संसर्ग होणाऱ्या, दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पेयं घेणाऱ्या १४० बायका त्यात होत्या. निम्म्या जणींनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं. वर्षभरात त्यांचा त्रास इतरांच्या जवळपास निम्म्यावर आला.

तो वाचून मी लेकीपाशी बसले आणि या वेळी फक्त विचारलं, “तुला शाळेत तहान लागत नाही का गं?”

“लागते ना. पण प्यायलं की जावं लागतं. तिथल्या दाराला कडी नाही, आई. एकीने बाहेर उभं राहून दार धरायचं. आणि आत पाणी नसतं.”

आठवीतल्या मुलीची तहान शाबूत होती. तहान रोज लागत होती आणि लेक ती रोज दाबत होती. मी मात्र तिला ग्लास मोजायला शिकवत होते. तेव्हापासून अशा बायका जागोजागी दिसू लागल्या. बंदोबस्ताला दिवसभर रस्त्यावर उभी असलेली महिला पोलीस. लांबच्या गाडीवरची कंडक्टर. ऊसतोडीच्या फडात पहाटेपासून मोळ्या बांधणारी बाई, जिच्या कोपीजवळ आडोसासुद्धा नाही. घाम गाळणाऱ्या या बायका घोटाघोटाचा हिशेब करतात, तो पाणी टाळण्यासाठी. लघवीला जळजळ झाली की त्याला उन्हाळी म्हणून दुखणं अंगावर काढतात. पाण्याचं महत्त्व त्यांना कुणी शिकवायला नको.

केरळमधल्या शाळांत २०१९ पासून पाणी प्यायची आठवण करून देणारी वेगळी घंटा वाजवू लागले. चांगली गोष्ट आहे. आपल्याकडच्या शाळांनीही ती जरूर वाजवावी, पण आधी दाराला कडी बसवून. पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा वर्गात जाऊन बसण्याआधी मुलींच्या स्वच्छतागृहाकडे एक चक्कर मारा. दाराला कडी आहे का आणि नळाला पाणी येतं का, एवढं स्वतः बघा. नसेल तर मुलांच्या मार्कांआधी तो विषय काढा.