सातबाऱ्यातला ‘बारा’

घेतलेली जमीन परत केली, असं कधी म्हणता येतं?

मी अमडापूरचा. आमच्या चिखली तालुक्यात जमिनीचा कुठलाही वाद शेवटी सातबाऱ्यावर येतो. गाव नमुना 7 सांगतो जमीन कुणाची, नमुना 12 सांगतो तिच्यात काय पेरलं. भांडणं सगळी ‘सात’वरून होतात. मला मात्र वाटतं, या प्रश्नाचं उत्तर ‘बारा’त आहे.

हे पटलं ते शेतातल्या धावपट्ट्यांबद्दल वाचताना. इंग्लंडमध्ये काही हौशी शेतकरी आपल्याच रानात छोट्या विमानासाठी पट्टी राखतात. चार-पाचशे मीटर सपाट जागा आणि कापलेलं गवत, बस्स. वर्षातले 28 दिवस असा तात्पुरता वापर तिथे वेगळ्या परवानगीशिवाय चालतो. हौस संपली की नांगर घालायचा, पुढच्या हंगामात गहू.

त्याच देशात नॉरफोकमधल्या अ‍ॅटलब्रिजच्या तळावरून दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची लिबरेटर विमानं उडत. युद्ध संपलं, विमानं गेली, काँक्रीट राहिलं. पुढे त्यावर टर्की पक्ष्यांच्या लांबलचक शेड उभ्या राहिल्या. धंदा शेतीचाच, पण तिथे पेरणार काय?

आपल्या जवळचं उदाहरण अकोल्याचं. शिवणीची धावपट्टी 1943 सालची. ती वाढवण्यासाठी शेजारच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या जमिनीचा विषय वर्षानुवर्षं चालत आला. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पक्की पट्टी सहजी टिकत नाही. म्हणून बहुतेक वेळा ती उकरून काढतात, मुरूम भरतात, रोलर फिरवतात. अशी जमीन उद्या कुणाला परत दिली, तर त्याच्या हाती फक्त ‘सात’ येईल.

2013 च्या भूसंपादन कायद्याचं कलम 101 म्हणतं, पाच वर्षं न वापरलेली जमीन मूळ मालकाला, वारसांना किंवा सरकारच्या लँड बँकेला परत जावी. तरतूद चांगली आहे. पण तीही ‘सात’चीच. माती कशी असावी, हे त्यात नाही.

यावर गावातले मित्र विचारतात, “माझं वावर, मी काहीही करीन, कुणाचं काय जातं?” सोयाबीनला भाव नसताना प्लॉटिंगवाल्याला हो म्हणणाऱ्याला मी हावरट म्हणणार नाही. घरात लग्न, दवाखाना, कर्ज असतं. पण मालकी माझ्या आयुष्यापुरती आहे आणि माती घडायला हजारो वर्षं लागलीत. म्हणून माझ्यापुरतं मी ठरवलंय : पुढच्या माणसाला वेगळं काही ठरवता येईल, एवढं शिल्लक ठेवून जमीन वापरायची. गवताची पट्टी तेवढं शिल्लक ठेवते.

घरं, दवाखाने, विमानतळ लागणारच. तिथे निदान ‘परत देऊ’ म्हणू नये. ही माती कायमची जातेय, हे मान्य करून मगच भाव ठरवावा.

उद्या मोबाइलवर महाभूलेख उघडून स्वतःचं नाव शोधाल, तेव्हा थोडं खाली ‘बारा’ही वाचा.