खेळातले शेजारी

मोबाइलवरील खेळांविषयी आमच्या पिढीचे मत बहुधा एकही खेळ न खेळता बनलेले असते. आमचेही तसेच होते. कांजूरमार्गच्या आमच्या इमारतीत २०१९ साली जिन्यावर चारपाच मुले माना खाली घालून बसत आणि कुणा अदृश्य सोबत्याला ओरडून सांगत, "मागे बघ, मागे!" आम्ही त्यांना ओलांडून वर जात असू. चाळीत एका घरी व्हिडिओ गेम आला की सारी आळी तेथे लोटायची, ते दिवस आठवून हळहळतही असू.

दिनांक २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली. त्यांत पब्जी हा खेळ होता. नागरिकांची माहिती देशाबाहेर जाते, हे कारण गंभीर होते आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण त्या रात्री आमचा सोळा वर्षांचा पुतण्या जेवला नाही, तेव्हा आम्ही "बरे झाले, सुटलास!" असे म्हणालो, याची मात्र आज लाज वाटते.

तो खेळ आम्ही नंतर समजून घेतला. शंभर खेळाडू हवाई छत्रीने बेटावर उतरतात, सुरक्षित जागा आक्रसत जाते आणि शेवटी टिकेल तो जिंकतो. पण चौघांचा गट करूनही खेळता येते, आणि खेळताना चौघे एकमेकांशी बोलू शकतात. आमच्या पुतण्याचे तिघे सोबती वेगवेगळ्या गावांचे. त्यांतील नागपूरच्या मुलाचे वडील कोविडने रुग्णालयात होते. रात्री त्याला झोप येत नसे, म्हणून बाकीचे तिघे जागत. गोळीबार चालू असे, पण बोलणे ऑक्सिजनचे असे. ३० ऑक्टोबरला खेळ पूर्ण बंद झाला आणि तो मुलगा कोठे गेला ते कळेना.

नेमक्या याच महिन्यांत आमचीही एक सभा पडद्यावर भरत होती. मार्चपासून मुंबईतील चर्चची दारे बंद होती. ती १६ नोव्हेंबरला उघडली. तोवर आम्ही रविवारी मोबाइल भिंतीला टेकवून मिस्सा पाहत होतो आणि तरी आमचा धर्मग्राम खराच आहे असे मानत होतो. पुतण्याने एकदा सरळ विचारले, "काका, तुमची मिस्सा मोबाइलवर चालते, मग माझे मित्र मोबाइलवरचे म्हणून खोटे कसे?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. आज सुचते ते असे की मित्र खोटे नव्हते. त्यांना स्वतःचे घर नव्हते. आम्ही परतलो ती वास्तू आमची होती आणि नोंदवहीत आमची नावे होती. त्यांचे घर एका कंपनीचे. पुढे कित्येक मुले फ्री फायरकडे वळली. त्याच्यावर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली. जुना खेळ जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा नाहीसा झाला, मे २०२३ मध्ये पुन्हा उगवला. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, तशी ही मुले. परतलेल्या खेळात अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांचीच मुभा होती. तासांचे माप हवेच. संत कार्लो अक्युतिस तर आठवड्याला एकच तास खेळत असे म्हणतात. पण कोणाबरोबर खेळतोस, हे आम्ही त्याला कधीच विचारले नव्हते.

आणि आमच्या बिऱ्हाडांचे तरी काय? लालबहादूर शास्त्री मार्गावरचे कारखाने बंद पडले, तेथे टॉवर उभे राहिले. आज समोरच्या दारावरची पाटी आम्ही वाचतो, माणूस ओळखत नाही. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात प्रभू 'माझा शेजारी कोण?' हा प्रश्नच उलटा करतो: शेजाऱ्यासारखा वागला कोण? त्या कसोटीवर रात्री जागणारी ती तीन मुले आमच्यापेक्षा सरस ठरतात, हे कबूल केले पाहिजे. उणीव एवढीच की शोमरोनी जवळ गेला, त्याने जखमा बांधल्या, सरायवाल्याला दोन दिनार दिले आणि परत येईन असे सांगितले. या मुलांचा आवाज पोहोचत होता, हात पोहोचत नव्हता. आणि परत येण्याचे ठिकाण दुसऱ्याच्या ताब्यात होते. वडीलधाऱ्यांपैकी कोणी वेळीच एक फोन नंबर मागून ठेवला असता, तर हात पोहोचवणे आमच्याने झाले असते. आम्ही तर "बरे झाले" म्हणालो.

त्या नोव्हेंबरात आम्ही पुतण्याला नागपूरच्या मुलाचे नाव विचारले. त्याला खेळातले टोपणनावच ठाऊक होते, तेही काहीसे विचित्र, अक्षरे आणि आकडे मिसळलेले. संध्याकाळी जपमाळेपूर्वी घरातील आजाऱ्यांची नावे घेतली जात होती. पुतण्याची पाळी आली तेव्हा तो जरा थांबला आणि त्याने ते टोपणनाव जसेच्या तसे उच्चारले, "आणि त्याचे पप्पा," असे पुढे जोडले. त्याच्या आजीने ते दोनदा विचारून नीट ऐकून घेतले आणि मग जपमाळ सुरू केली.