टपालखर्च : आकडा आणि अमानत

पुणे-नाशिक महामार्गाने भोसरीहून मोशीमार्गे चाकणकडे जाताना दुतर्फा लहानमोठे कारखाने लागतात. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पुढे या परिसराचे रूप पालटत गेले. या कारखान्यांच्या आधाराने जुन्या अवजारांचा व्यापारही वाढला. वापरलेले मायक्रोमीटर, व्हर्नियर, लेथचे चक, ड्रिल मशीन, मोटारी अशा वस्तू पूर्वी गिऱ्हाईक हाताळून, पारखून घेत असे. आता मोबाइलवर छायाचित्र जाते, बोली लागते आणि माल कुरिअरने किंवा स्पीड पोस्टाने दूरच्या गावी रवाना होतो.

हाच व्यवसाय करणाऱ्या एका तरुणाने शुक्रवारच्या नमाजनंतर मला एक प्रश्न विचारला. तो अवजाराची बोली १ रुपयापासून सुरू करतो आणि खाली ‘टपालखर्च ४५० रुपये’ असे लिहितो. प्रत्यक्षात पाठवणीला त्याला १८० रुपये लागतात. त्याचे म्हणणे असे, “४५० चा आकडा गिऱ्हाइकाला बोलीपूर्वीच दिसतो. तो राजीखुशीने बोली लावतो. मग यात गैर ते काय?”

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. आधी त्याच्या बाजूने जे आहे ते मान्य करू या. दिव्य कुरआनने (सूरह निसा, आयत २९) एकमेकांची संपत्ती अन्यायाने खाण्यास मनाई करताना परस्परसंमतीने होणाऱ्या व्यापाराला मोकळीक दिली आहे. नफ्याची टक्केवारी इस्लामने ठरवून दिलेली नाही. मदीनेत महागाई झाली तेव्हा लोकांनी भाव ठरवून देण्याची विनंती केली, पण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती मान्य केली नाही. लिलावही निषिद्ध नाही. एका गरजू अन्सारी सहाबींची चादर व प्याला स्वतः प्रेषितांनी (स.) ‘याहून अधिक कोण देतो?’ असे विचारून दोन दिरहमला विकल्याचे हदीसमध्ये आले आहे. तेव्हा या तरुणाने अवजाराची किंमतच २७० रुपयांनी वाढवली असती, तर त्याला कोणीही दोष दिला नसता.

मग दोष कशात आहे? तो रकमेत नसून तिला दिलेल्या नावात आहे.

‘किंमत’ हा शब्द मागणी व्यक्त करतो. मी इतके मागतो, तुला परवडले तर घे. ‘टपालखर्च’ या शब्दाचा स्वभाव वेगळा आहे. तो एक बातमी देतो. ही वस्तू तुझ्यापर्यंत पोचवण्यासाठी मला इतके द्यावे लागतात, असे विक्रेता सांगत असतो. मागणी कमीअधिक असू शकते. बातमी मात्र खरी असते किंवा खोटी. गिऱ्हाईक तिची शहानिशा करू शकत नाही, म्हणूनच ती विक्रेत्याकडे सोपवलेली अमानत ठरते.

आपल्या फुकहांनी (धर्मशास्त्रज्ञांनी) ही बारीक रेषा शतकांपूर्वी ओळखली होती. बाराव्या शतकातील इमाम बुरहानुद्दीन मर्गीनानी यांचा ‘हिदाया’ हा हनफी फिक्हचा ग्रंथ भारतातील मदरशांत आजही शिकवला जातो. त्यात मूळ खर्च सांगून त्यावर ठरावीक नफा घेण्याच्या, म्हणजे मुराबहाच्या व्यवहाराची चर्चा आहे. कापड रंगवण्याची मजुरी, धान्य वाहून आणण्याचे भाडे असे खर्च व्यापाऱ्याने मूळ रकमेत धरण्यास तेथे परवानगी आहे. मात्र त्यासोबत एक अट आहे. ‘मी हे इतक्याला विकत घेतले’ असे त्याने म्हणू नये, ‘मला हे इतक्याला पडले’ असे म्हणावे, म्हणजे तोंडून असत्य जाणार नाही. आकडा तोच, गिऱ्हाइकाने द्यायचे पैसेही तेवढेच. तरीही शब्द जपायला सांगितले आहे. ‘घेतले’ आणि ‘पडले’ यांतला फरक मराठी माणसाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. मग खर्च आणि नफा यांतला फरक आपण का पुसून टाकावा?

संमतीचा मुद्दा उरतो. मदीनेच्या बाजारात प्रेषितांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे विचारून प्रेषितांनी (स.) फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. तो ढीगही गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोरच होता आणि घेणारा राजीखुशीनेच घेणार होता. पण ती संमती वरच्या कोरड्या धान्याला होती. ४५० रुपयांना मिळालेली संमतीही अशीच ‘टपालखर्च’ या शब्दावर विसंबून दिलेली असते.

यातून कोणाचे काय बिघडते? बोली लावणाऱ्याचे लक्ष १ रुपयाकडे वेधले जाते आणि एकूण भाराचा त्याचा अंदाज चुकतो. वस्तू सदोष निघून परत गेली, तर बहुधा किंमत परत मिळते, टपालखर्च मिळत नाही, म्हणजे त्यात लपवलेला नफा विक्रेत्याकडेच राहतो. जेथे दलाली केवळ किमतीवर आकारली जाते, तेथे मध्यस्थाचा हक्क बुडतो. आणि शेजारचा जो व्यापारी किंमत ३०० व टपालखर्च १८० असे खरे लिहितो, तो महागडा भासतो. आपला भाऊ सचोटीमुळे गिऱ्हाईक गमावतो.

देशाचा कायदाही याबाबत गप्प नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात सांगून टपाल, हाताळणी, वाहतूक व कर यांचा तपशील द्यायचा असतो. परंतु व्यवसाय म्हणून नव्हे, तर घरातील एखादी जुनी वस्तू विकणाऱ्या व्यक्तीला हे नियम लागू होत नाहीत. जेथे कायद्याचा हात पोचत नाही, तेथेही अल्लाह पाहत असतो, हीच तर श्रद्धावंताची धारणा आहे.

याचा अर्थ विक्रेत्याने पदरमोड करावी असा नाही. खोका, कागद, चिकटपट्टी, टपाल कार्यालयापर्यंतचे रिक्षाभाडे, बांधणीची वाजवी मजुरी हे सारे खरे खर्च आहेत. ते जरूर घ्यावेत, मात्र त्यांना ‘पॅकिंग व पाठवणी खर्च’ असे स्पष्ट नाव द्यावे. बोलीपूर्वीच वस्तू बांधून तिचे वजन करावे. अनेक कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकाराला ५००० ने भागतात. ४० × ३० × २५ च्या खोक्याचे वजन या हिशेबाने ६ किलो धरले जाते, आत वस्तू २ किलोची असली तरी. निष्काळजीपणे घेतलेल्या मोठ्या खोक्याचा भुर्दंड गिऱ्हाइकाला बसू नये. अंदाज पाच-दहा रुपयांनी चुकला तर तो व्यवहारातला भाग आहे. मोठी रक्कम उरली तर ती परत करावी.

खरेदीदारावरही जबाबदारी आहे. जड चकसाठी ४०० रुपये खर्च येतो हे ठाऊक असूनही विक्रेत्याला ‘टपालात खातोस’ म्हणणे, किंवा टपालखर्च वाचवण्यासाठी चांगली वस्तू सदोष आल्याचे सांगणे, हेही असत्यच आहे. खरेदी-विक्री करणाऱ्या दोघांनी खरे सांगितले व दोष उघड केले तर त्यांच्या सौद्यात बरकत होते, लपवाछपवी केली तर बरकत पुसली जाते, असे बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आले आहे. तेथे उल्लेख दोघांचाही आहे.

मी त्या तरुणाला शेवटी एकच विचारले. कुरिअरवाल्याने १८० ऐवजी २१० रुपये घेतले तर तू काय करतोस? तो हसून म्हणाला, “वजनकाटा दाखव म्हणतो, पावती मागतो, भांडतो.” आणि मग तो गप्प झाला. सूरह मुतफ्फिफीनच्या आरंभी ज्यांच्या विनाशाची घोषणा आहे, ते लोक अगदी असेच आहेत. स्वतः घेताना माप पुरेपूर घेतात, इतरांना देताना मात्र घट करतात. तराजू त्यांच्याकडेही असतो, पण घेण्याचा एक आणि देण्याचा दुसरा.

प्रिय वाचकहो, २७० रुपये ही लहान रक्कम आहे. पण तराजू एकच आहे की दोन, हे लहान रकमेतच कळते. अल्लाह आपणा सर्वांना हलाल कमाई आणि खरी वाणी प्रदान करो. आमीन.